ओस्मारिनाचे सल्ले

ट्रान्सअमेझोनिकावरून, म्हणजे जंगल कापून गेलेल्या आमच्या मातीच्या रस्त्यावरून, मोटारसायकलने जायचं असेल तर रस्ता चांगला आहे का, असं कुणाला विचारू नका. आमच्याकडची माणसं भिडस्त. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून चांगला आहे म्हणतात. विचारायचं ते असं: शेवटचा ट्रक कधी आला आणि कुठून आला? काल आला असेल तर तुम्हीही जाल. चार दिवसांत आला नसेल तर झाडाला झुला बांधा आणि झोपा.

हा सल्ला माझा नाही, ओस्मारिनाचा आहे. लाकडी पूल लागला की खिळ्यांची रांग बघायची आणि तिच्यावरूनच चाक न्यायचं, कारण खिळे जिथे ठोकलेत तिथेच खाली तुळई असते, हाही तिचाच. पाऊस थांबला म्हणून लगेच निघायचं नाही, दोन तास ऊन खाऊ द्यायचं रस्त्याला. चिखलात टायरची हवा कमी करायची. पुढच्या चाकाची ट्यूब वेळेला मागच्या चाकात बसते, मागची पुढे बसत नाही, म्हणून एकच न्यायची असेल तर पुढची न्या. असं ती बोलत राहते, हात चालू असतात, आणि पंक्चर निघेपर्यंत साओ पावलोहून आलेला इंजिनियरसुद्धा मुकाट ऐकत असतो.

मी जोसिव्हान. तुकुमां नदीवरचा तराफा चालवतो. दोन ट्रक आणि उरलेल्या जागेत मोटारसायकली, एवढा त्याचा पसारा. नदीच्या पश्चिम काठावर उताराला तराफा लागतो, तिथेच माझी बायको दोरालिसी मासे तळते, आणि चढ चढून गेलं की ओस्मारिनाचं टायरचं दुकान. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा, आणि रस्त्याच्या कडेला पांढरा रंग दिलेलं ट्रॅक्टरचं टायर. पत्र्याच्या भिंतीवर देशभरच्या मोटारसायकलवाल्यांनी आपापल्या टोळीची स्टिकरं चिकटवलेली आहेत. आता पत्रा दिसत नाही, स्टिकरंच दिसतात.

बाई अठ्ठावन्न वर्षांची, हडकुळी, माझ्या खांद्याला लागेल एवढी. सात वर्षांची असताना आईबापांबरोबर मारान्याओहून आली. हा रस्ता तेव्हा नुकता पाडला होता आणि सरकार जमीन देतंय अशी हाकाटी होती. जमीन मिळाली, तिच्यात काही उगवलं नाही. बापाने टायर दुरुस्तीचं काम धरलं, कारण या रस्त्यावर दुसरं काही पिकलं नाही तरी पंक्चर पिकतं. ती त्याच्याकडून शिकली. भोक शोधायला ती पाण्याचं घमेलं वापरत नाही. ट्यूब फुगवते आणि गालाजवळून फिरवते. गालाला वारा लागला की बोट ठेवते. नवरा वाल्देनोर हे काम तिच्याकडून शिकला आणि आयुष्यभर सांगत राहिला की आपणच तिला शिकवलं. ती हसायची. तेव्हा ती हसायची.

वाल्देनोर माझा कोंपाद्रे होता, म्हणजे माझ्या मुलीचा धर्मपिता. ओस्मारिना धर्ममाता. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाबहिणीपेक्षा कमी धरत नाहीत.

आता फांद्यांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरून घडलं. या रस्त्यावर पूल मोडला, खड्डा पडला, ट्रक आडवा झाला, तर ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने पाल्यासकट फांद्या तोडायच्या आणि रस्त्यावर टाकायच्या. लांबवर थोड्या, जवळ आल्यावर जास्त, आणि अगदी तोंडाशी मोठा ढीग. दोन्ही बाजूंना. हिरवा पाला रस्त्यात दिसला की लहान पोरसुद्धा ब्रेक दाबतं. आणि टाकलेल्या फांद्या दुरुस्ती होईपर्यंत कुणी उचलायच्या नाहीत. चर्चमधली मेणबत्ती एक वेळ कुणी विझवेल, पण फांदीला हात लावणार नाही.

चार वर्षांपूर्वी नऊ मेला, पावसाच्या शेवटी, वाल्देनोर सकाळीच पश्चिमेला गेला होता. कुठल्याशा लाकडाच्या ट्रकचे दोन टायर बसली होती. जाताना बारा किलोमीटरवरचा ओढ्याचा पूल शाबूत होता. दुपारी दुसऱ्या ट्रकने त्याच्या मधल्या फळ्या मोडल्या. ट्रकवाला तराफ्यावर आला आणि सांगून गेला. मी मोटारसायकल काढली, कोयता घेतला. अलीकडच्या बाजूला फांद्या टाकल्या. मग पलीकडच्या बाजूसाठी फांद्यांचा भारा डोक्यावर घेतला, उरलेल्या एका तुळईवरून पाऊल पाऊल टाकत ओढा ओलांडला आणि तिकडेही टाकल्या. तिकडे उतार आहे, माणूस वेगात येतो, म्हणून तिकडे दुप्पट टाकल्या. परत येऊन तराफा सुरू केला. चार वाजता पश्चिमेकडून एक शहरी मोटारसायकलवाला आला, गुडघ्यापर्यंत चिखल, भारी गाडी, हेल्मेटवर कॅमेरा. त्याला मीच नदीपार नेलं. दोरालिसीने त्याला कॉफीही दिली. पूल कसा ओलांडलास म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, तुळईवरून ढकलत आणली. मला कौतुक वाटलं.

वाल्देनोर अंधार पडायच्या बेताला त्या उतारावरून आला असणार. त्या रात्री तो घरी आला नाही. ट्रक सुटला नसेल, तिकडेच राहिला असेल, असं आम्ही धरून चाललो. पहाट फुटताच ओस्मारिना एकटी निघाली. तो तिला ओढ्यात सापडला, अंगावर मोटारसायकल.

आम्ही पोचलो तोवर तीन ट्रक येऊन थांबले होते आणि माणसांनी, चाकांनी पलीकडचा काठ तुडवून टाकला होता. अलीकडे माझ्या फांद्या जशाच्या तशा. पलीकडे एक पानसुद्धा नाही. मी वेड्यासारखा चिखलात बघत राहिलो. ओस्मारिना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"एका बाजूला टाकल्यास आणि जेवायला घरी गेलास," ती म्हणाली.

मी शपथ घेतली. मुलीची शपथ घेतली. तिथे अकरा माणसं होती आणि अकराच्या अकरा माणसांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. मोडक्या पुलावरून भारा घेऊन पलीकडे जायला माणसाला धाडस लागतं, आणि ते माझ्यासारख्या जाड्याकडे असेल असं कुणालाच वाटलं नाही. मला आजही त्या अकरा जणांची नावं पाठ आहेत.

तिथून तिचे सल्ले बदलले. खिळ्यांची रांग, टायरची हवा, सगळं पूर्वीचंच, पण शेवटी एक जोड आली. खाली तराफा आहे, ती सांगायची, त्याशिवाय नदी ओलांडता येत नाही, तेव्हा बसा. पण तराफेवाल्याने पुढचा पूल शाबूत आहे म्हटलं तर उतरून स्वतः बघा, तो एकाच बाजूचा पूल बघतो. आणि त्याच्याकडे खाऊ नका, जेवायच्या घाईत असलेल्या माणसाच्या हातचं पचत नाही.

तीन वर्षं. दर मोटारसायकलवाल्याला. माणसं चढावरून खाली यायची, आणि त्यांच्या नजरेवरूनच कळायचं. दोरालिसीच्या तव्यावर तांबाकी मासा चुरचुरत असायचा आणि ती माणसं तराफ्यावर बसून कोरडी बिस्किटं चावायची. माझी मुलगी धर्ममातेचा आशीर्वाद मागायला चढ चढून जायची. ओस्मारिना तिच्या डोक्यावर हात ठेवायची, गोडधोड द्यायची, आणि मी पाठीमागे उभा असलो तर माझ्याऐवजी झाडाकडे बघायची. माझ्या गाडीचं टायर बसलं की मी ऐंशी किलोमीटर दूर जाऊन लावून आणायचो. मीही कमी नव्हतो. तिच्याकडे येणारं सामान असलं की माझा तराफा हमखास पलीकडच्या काठावर असायचा.

मग गेल्या वर्षी गोयानियाची एक शिक्षिका आली, एकटी, जुन्या गाडीवर. तिच्या फोनमध्ये वाटाड्याचे सल्ले होते. मोटारसायकलने देश कसा पार करावा हे सांगणारं एक पान आहे म्हणे, एतोर लांझोनी नावाचा माणूस लिहितो, कुरितिबाचा, हजारो लोक वाचतात. पंक्चर निघेपर्यंत बाईंनी ओस्मारिनाला आमच्या भागाबद्दलचा मजकूर वाचून दाखवला. त्यात होतं की चिखलात चाक रुतलं तर घाबरू नये, आसपास बघावं. नऊ मेला तुकुमांच्या तराफ्याआधी बारा किलोमीटरवर, एका मोडक्या पुलाच्या तोंडाशी, तो स्वतः असाच रुतला होता. सुदैवाने रस्त्यावर ताज्या फांद्यांचा भलामोठा ढीग पडलेला होता. त्या सगळ्या चाकाखाली घातल्या, मागे जाऊन आणखी गोळा केल्या, आणि गाडी निघाली. तात्पर्य: जंगल प्रवाशाला हात देतं.

शिक्षिका फोन हातात धरूनच खाली आली. दुकानात काय झालं ते तिने मला सांगितलं, मजकूर मलाही दाखवला. ओस्मारिना काय म्हणाली, मी विचारलं. बाई म्हणाल्या, त्या माणसाचं नाव पुन्हा वाचायला लावलं आणि टायरवर खडूने लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी मी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून दारात बसलो. ती येणार होती. येणारच ना. दुसऱ्या दिवशी बसलो, आठवडाभर बसलो. ती आली नाही. मोटारसायकलवाल्यांना माझ्याबद्दल सांगणं तेवढं बंद झालं. पंधरा दिवसांनी तिने एका ट्रकवाल्याबरोबर माझ्या गाडीसाठी एक टायर पाठवलं, जवळपास नवं. मी ते त्याच ट्रकवाल्याबरोबर परत पाठवलं. दोरालिसी म्हणाली, अहो, बाईमाणूस आहे, तिची हीच रीत असेल माफी मागायची. मी म्हणालो, टायर बोलत नाही.

आणि या ऑगस्टमध्ये तो आला. आठ जणांना घेऊन आला. आता तो नुसतं लिहीत नाही, लोकांना बरोबर घेऊन रस्ता दाखवतो. पश्चिमेकडून धूळ उडवत नऊ गाड्या आल्या आणि ओस्मारिनाच्या दुकानापाशी थांबल्या, कारण म्होरक्याचंच मागचं टायर बसलं होतं. त्याने स्वतःहून तिला आपलं स्टिकर दिलं. त्यावर नाव होतं, टायरवर खडूने लिहिलेलंच.

तिने मागचं चाक खोलून काढलं. टायर, ट्यूब, सगळं. ते उचलून घरात नेलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली पोलक्यात टाकली आणि चढ उतरून खाली आली. चार वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या काठावर आली होती.

"तो आलाय," ती म्हणाली. "तराफा सोडू नकोस."

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की आधी माझं काय ते सांग. जिभेवर आलंही. पण चढावर त्याचं ते चकचकीत हेल्मेट दिसलं, आणि माझ्या बायकोने त्याला कॉफी दिली होती हे आठवलं, आणि माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली की मी निमूट जाऊन इंजिनाच्या डिझेल पंपाचा बोल्ट काढला आणि खिशात टाकला. काठावर तांदळाचा एक ट्रक थांबला होता, ड्रायव्हरला कारण सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं, झुला बांधला आणि म्हणाला, आठवडा लागला तरी चालेल.

लांझोनी आधी हसला. मग पैसे काढले. मग पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा ओस्मारिनाने त्याला पोलीस ठाण्याचा पत्ता नीट समजावून सांगितला: नदीपलीकडे एकशे ऐंशी किलोमीटर, वाटेत दोन ठिकाणी वाळू आहे, तिथे वेग कमी करू नका. मग तिने त्याला त्याच्याच टोळीसमोर त्याचंच पान मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर तिने त्या फांद्या का टाकलेल्या होत्या ते सांगितलं, आणि त्या संध्याकाळी तिथून कोण आलं ते सांगितलं.

"मला माहीत नव्हतं हो," तो म्हणाला. "मला वाटलं, पडल्या असतील."

"तू ताज्या असं लिहिलंयस. कोयत्याने तिरप्या कापलेल्या फांद्या झाडावरून पडतात होय? चार वर्षं लोकांना शहाणपण शिकवतोस, आणि ढीग कुणी लावला हे विचारावंसं वाटलं नाही?"

तिची अट एकच होती. पानाच्या अगदी वर, सगळ्या सल्ल्यांच्या आधी, घडलं ते लिहायचं, वाल्देनोरचं नाव घालून. मग चाक मिळेल. शाळेच्या छपरावर इंटरनेटची डिश आहे, तिच्याखाली बसून त्याने पहिला मसुदा लिहिला. त्यात दुर्दैवी गैरसमज होता. ओस्मारिना वाचते सावकाश, अक्षराखाली बोट धरून. बोट दुर्दैवी शब्दावर थांबलं आणि तिने मान हलवली. दुसऱ्यात फांद्या उचलल्या गेल्या होत्या. कुणाच्या हातांनी, तिने विचारलं. तिसऱ्यात त्याने स्थानिक लोकांच्या भावना दुखावल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. तो तिने बोट न ठेवताच परत दिला. आमचा एकही माणूस त्याच्याशी उद्धट बोलला नाही. पाणी दिलं, झुला दिला, जेवायला वाढलं. बाकीच्या आठ जणांनी दोरालिसीचे मासे दोन दिवस असे चापले की मला तीन वर्षांची बिस्किटं भरून पावल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचवा मसुदा झाला. त्यात होतं: मी मोडक्या पुलाच्या खुणेच्या फांद्या उचलल्या आणि परत ठेवल्या नाहीत. त्यामुळे त्याच संध्याकाळी वाल्देनोर माशादो हा टायर दुरुस्त करणारा माणूस ओढ्यात पडून मेला. त्यानंतर मी त्याबद्दल बढाई मारली. एवढंच. त्याने बटण दाबलं. त्याच्या टोळीतले तिघे त्याच्याशी बोलायचे थांबले होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

चाक बसवून सगळे तराफ्यावर आले. ओस्मारिना काठावर येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, ने त्यांना. मी खिशातला बोल्ट हातात घेतला आणि तिथेच बसलो.

"त्याने लिहिलं," मी म्हणालो. "तुझं काय?"

"माझं काय?"

"तीन वर्षं जो येईल त्याला सांगत होतीस. हे नऊ जण आहेत. यांना सांग, म्हणजे सुरुवात तरी होईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. झाडाकडे नाही, माझ्याकडे. मग तराफ्याच्या फळीवर चढली आणि त्या लोकांकडे तोंड करून, खिळ्यांची रांग समजावून सांगायची त्याच आवाजात बोलली.

"हा जोसिव्हान. त्या दिवशी मोडक्या पुलावरून भारा डोक्यावर घेऊन हा पलीकडे गेला आणि फांद्या टाकून आला. याने टाकल्याच नाहीत असं मी सगळ्यांना सांगत आले. हा खरं बोलतोय हे मला माहीत होतं."

"गेल्या वर्षी कळलं तुला," मी म्हणालो.

"नाही. त्याच सकाळी. सगळ्यांच्या आधी मी तिथे पोचले होते. पलीकडच्या चाकोरीत चुरडलेला पाला होता, टायरची नक्षी उमटलेला. मी तो हातात घेऊन पाहिला. तुम्ही आलात तोवर ट्रकखाली गेला. कुणीतरी फांद्या नेल्या हे कळलं मला, पण तो कोण, कुठला, गेला होता निघून. माझ्या हाताला लागेल असा तूच होतास."

वड्याचं तेल वांग्यावर काढलं एवढंच म्हणून सोडून देतात लोक. पण चार वर्षं मी स्वतःलाच विचारत होतो, खरंच टाकल्या होत्या ना मी? स्वप्नात मी एकाच बाजूला टाकून घरी येत असे. ती गोष्ट तिने पहिल्या दिवसापासून मुठीत धरून ठेवली होती.

मी उठलो. बोल्ट बसवला, इंजिन सुरू केलं आणि त्यांना पलीकडे नेलं.

आता तराफ्यावर जो येतो त्याला मी हे सगळं सांगतो. नदी पार व्हायला पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात होतं. तिचा गाल, तिची स्टिकरं, तिचे सगळे सल्ले जसेच्या तसे. टायर तिच्याकडेच दाखवा, असंही सांगतो, या अख्ख्या रस्त्यावर असा हात दुसरा नाही. आणि मग त्या सकाळचा पाला सांगतो. माणसं पुढे चढ चढून तिच्याकडे जातात, आणि ती त्यांच्या नजरेवरून ओळखते. दोरालिसी म्हणते, पुरे करा आता. मुलगी म्हणते, बाबा, ती म्हातारी झाली. ओस्मारिनाने स्वतः मला एकदाही थांब म्हटलेलं नाही. तिने म्हटलं, तर मी थांबेन की नाही, ते मला माहीत नाही.